जेवणभर पुरेल एवढी बॅटरी

"पुढचा थांबा, गूजबेरी. घाई करू नका, ड्रायव्हरला वेळ आहे," एगॉन म्हणाला आणि हातातला टॅबलेट काटेरी झुडपासमोर धरून उभा राहिला.

टॅबलेटमधून चमचा बशीवर टेकल्याचा आवाज आला. मग पलीकडून हेलेचा. "छान, बोदिल. आणखी एक घास. बटाटा आहे."

"पिकल्या का?" बोदिलने विचारलं. तोंडात घास होता.

"अजून हिरव्या आहेत गं. पण यंदा फांद्या वाकल्यात."

"काठी लाव त्यांना."

"लावतो."

काठी लावून महिना झाला होता, पण हे तिला सांगून काय उपयोग? ती रोज तेच सांगे आणि तो रोज लावतो म्हणे. एगॉन झुडपाच्या दुसऱ्या बाजूने सावकाश फिरला. पडद्याच्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या आकड्याकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, तरी नजर गेलीच. मटार आणि पेअरचं झाड बाकी होतं, आणि बशीत बटाटेही बाकी होते.

सबंध आयुष्य एगॉनने ऑलबोर्ग शहरात सिटीबस चालवली होती. लवकर पोचतो म्हणून साहेबांची बोलणी खाणारा ड्रायव्हर होता तो. आता म्हातारपणी त्याच्यावर बस मुद्दाम रेंगाळत न्यायची पाळी आली होती, आणि तीही स्वतःच्याच बागेतून, एकाच प्रवाशासाठी.

ती प्रवासी म्हणजे त्याची बायको, बोदिल; ती फ्योर्डच्या, म्हणजे खाडीच्या पलीकडे होती, वृद्धाश्रमात. बोदिलचं डोकं दोन-तीन वर्षांपासून विसकटत चाललं होतं. गेल्या थंडीत ती नुसत्या मोज्यांनिशी बर्फात निघाली, बागेला पाणी घालायला, आणि मग घरी ठेवणं अशक्यच झालं. वृद्धाश्रमात न्याहारी व्हायची, दुपारचंही थोडंफार पोटात जायचं. पण संध्याकाळचं ताट आलं की ती खुर्चीतून उठू बघायची. "मला बागवसाहतीत जायचंय, झाडं सुकतील," म्हणायची. चमचा दिसला की ओठ घट्ट मिटायची. वाळून नुसती काठी झाली होती बाई.

एगॉन दर रविवारी दोन बस बदलून जायचा. त्याच्याकडे बघून ती सौजन्याने हसायची आणि विचारायची, "तुम्ही नळ दुरुस्त करायला आलात का?" पहिल्यांदा तो नाही म्हणाला. पुढेपुढे हो म्हणू लागला, कारण नाही म्हटलं की ती घाबरायची. परतीच्या बसमध्ये मात्र तो खिडकीकडे तोंड करून बसायचा. जुने सहकारी ओळख देत, त्यांच्याशी बोलायची ताकद नसायची.

एप्रिलमध्ये बागवसाहत उघडली; शहरातल्या लोकांच्या छोट्या बागा तिथे गल्ल्यागल्ल्यांनी होत्या, थंडीत बंद असत. मुलगी आनेट तिच्या ऑफिसात निकालात काढलेला एक टॅबलेट घेऊन आली. कीबोर्ड जोडला की लॅपटॉप, काढला की पाटी. "आईला बाग तरी दाखवू," म्हणाली. त्यावरून व्हिडिओ फोन लावला तेव्हा तिकडे नेमकं संध्याकाळचं ताट आलं होतं. पडद्यावर रुबार्बचे लाल देठ आले. बोदिलने मान पुढे केली आणि तोंड उघडलं. हेले म्हणजे तिथली सेविका, चलाख बाई; तिने तोंड उघडलेलं बघितलं आणि घास घातला. एगॉन मागून म्हणाला, "यंदा रुबार्ब लवकर आलाय." तर बोदिल म्हणाली, "एगॉन, पानं कंपोस्टात टाक हं." चेहरा नळवाल्याचा झाला होता, पण आवाज अजून नवऱ्याचाच होता.

तेव्हापासून हा क्रम पडला. बाग दिसतेय तोवर बोदिल जेवते. पडदा विझला की ओठ मिटतात, मग ताट तसंच परत जातं. आणि पडदा विझायचाच, कारण बॅटरी म्हातारी होती. बोदिलचा एकेक घास म्हणजे एक प्रवासवर्णन, आणि त्या पाटीचा जीव जेमतेम निम्म्या ताटापुरता.

बागेत वीज घ्यावी, तर त्यांच्या या सोलबाके वसाहतीत वीज नव्हती. सभागृहात तेवढी होती, पण सभागृह फाटकाजवळ, अन् एगॉनची बाग पार शेवटच्या गल्लीत. दर वर्षी सर्वसाधारण सभेत विजेचा ठराव यायचा आणि दर वर्षी पडायचा. पाडणाऱ्यांत सगळ्यात आधी हात कोणाचा? एगॉनचाच. "वीज आली की टीव्ही येतो, टीव्ही आला की माणूस आत जाऊन बसतो," हे त्याचं वाक्य वसाहतीत अजून लोक सांगतात. टाळ्या पडल्या होत्या त्या वाक्याला. आता बसा म्हणावं टाळ्या ऐकत.

खिशात मावणारा पॉवर बँकेचा डबा आणला, तो फोनला चालतो. या यंत्राने त्याची दखलही घेतली नाही. बॅटरी बदलायची तर दुकानदार टॅबलेट काही आठवडे ठेवून घेणार होता. तेवढे दिवस जेवणाचं काय? नवा घेऊ म्हणून आनेट मागे लागली, तर कुठली खूण दाबली की बोदिल येते हे शिकायलाच त्याला महिना लागला होता. "पुन्हा पहिलीपासून नको," तो म्हणाला.

मग आनेटने फोनवरून शिकवणी घेतली.

"बाबा, कीबोर्ड काढून ठेव. तोही चार्जिंग खातो."

"काढला."

"माझ्या ऑफिसची ती सगळी कामं मागे चालू असतात, ती बंद कर. दाखवलं होतं तसं."

"केली."

"उन्हात ठेवू नकोस. तापला की लवकर उतरते."

"पावाच्या डब्यात ठेवतो, पेअरच्या सावलीत."

"शहाणा आहेस. आणि पडद्याचा उजेड कमी कर. सगळ्यात जास्त तोच खातो."

"किती कमी?"

"तुला चालेल तेवढा."

एगॉनने उजेड पार तळाला नेला. त्याच्या बाजूचा पडदा काळा झाला तरी बोदिलला बाग पहिल्यासारखीच दिसत होती. तिचं काही गेलं नाही. गेलं ते त्याचं. बाहेरच्या उजेडात त्या काचेत त्याला फक्त स्वतःची टोपी दिसायची, आणि फार तर कोपऱ्यातला आकडा. पलीकडे बायको जेवते आहे हे तो चमच्याच्या आवाजावरून ओळखायचा. पण ताट संपू लागलं. जूनमध्ये हेले म्हणाली, "वजन वाढलंय हं." त्या रात्री एगॉनने एकट्याने बिअर उघडली.

शेजारच्या बागेत विली होता, वसाहतीचा अध्यक्ष. हातात मापाची काठी घेऊन लोकांची कुंपणं मोजत हिंडायचा आणि बोटभर वाढलेलं पानही सोडायचा नाही. कुंपणापलीकडून तो रोज ही बसफेरी ऐकायचा.

"मटारच्या थांब्यावर आज फार थांबलास," म्हणायचा.

"बीटरूट घशाखाली उतरत नव्हतं तिच्या."

"मला पण उतरत नाही," विली म्हणायचा आणि कात्री चालवायचा.

जूनच्या शेवटी बोदिलचा वाढदिवस आला. वाढदिवसाला बागेतल्या काठीवर देशाचा झेंडा चढवायचाच, ही तिथली रीत, आणि त्यांच्या बागेत तो मान बोदिलचा. एगॉनला ते जमायचं नाही. कापड जमिनीला लागायचं आणि ती रागवायची. पण त्या दिवशी तिकडे क्रीमचा केक आला आणि ती म्हणाली, "वारा आहे का?"

"आहे."

"मग झेंडा दिसू दे."

एका हातात टॅबलेट, दुसऱ्या हातात दोरी. झेंडा अर्ध्या काठीपर्यंत गेला असेल, तोच टॅबलेट कुईं करून वाजला. बॅटरी संपत आली होती. केक तर आत्ताच पुढे आला होता. झेंडा आहे तिथेच ठेवून त्याने दोरी गुंडाळली आणि टॅबलेट दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. अर्ध्यावर असल्यामुळे कापड जवळ होतं, वाऱ्याने फडफडत होतं. पडदाभर लाल आणि पांढरं दिसत असणार.

"वा," बोदिल म्हणाली. "कोण चढवतंय?"

"तूच चढवलास."

"मग बरोबर."

चमचा वाजत राहिला. हात भरून आले तरी तो हलला नाही. हेले म्हणाली, "संपला, एगॉन. सगळा केक संपला." आणि टॅबलेट विझला.

तो बाकावर बसला, टोपी काढली आणि गालावरून हात फिरवला. असा आनंद त्याला कित्येक दिवसांत झाला नव्हता. फाटकाचा आवाज आला तेव्हा तो तसाच बसला होता.

विली आत आला. डोक्यावर टोपी नव्हती, हातात स्वतःच्या बागेतली गुलाबी पिओनीची फुलं. मागे पलीकडच्या गल्लीतल्या दोघी बहिणी, चांगले स्वेटर चढवलेल्या.

"बघितलं आम्ही," विली म्हणाला. "फार वाईट झालं रे. आणि आजच्याच दिवशी."

"काय झालं?" एगॉनने विचारलं.

विलीने अर्ध्यावरच्या झेंड्याकडे बघितलं. एगॉननेही बघितलं. मग कुंपणावरून पलीकडे बघितलं, तर गल्लीतले सगळे झेंडे दुखवट्याला अर्ध्यावर आले होते.

"अरे देवा," एगॉन म्हणाला. "ती केक खात होती रे. बॅटरी संपत आली म्हणून मी दोरी तशीच बांधली."

मग थोरली बहीण मटकन बाकावर बसली आणि हसता हसता रडायला लागली. विलीचा चेहरा मात्र लाल झाला.

"झेंडा असा अर्ध्यावर सोडायचा नसतो, एगॉन. मी धाकट्या मुलाच्या लग्नाला रडलो नाही, आत्ता वाटेत रडलो. अर्ध्यावर न्यायचा तर आधी टोकापर्यंत चढवायचा आणि मग खाली आणायचा, एवढं तरी ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. वरपर्यंत जाऊन आला तेवढं आपण बघितलं नाही, असं वाटलं असेल तुम्हाला."

"कॉफी ठेव," विली म्हणाला. "फुलं परत नेणार नाही मी."

त्या दिवसापासून वसाहतीला चेष्टेला विषय मिळाला. एगॉन दिसला की कोणी ना कोणी विचारायचं, "काय, दोरी अडकली का?" तोही हसायचा. विली मात्र संध्याकाळी जेवणाच्या वेळी काहीतरी निमित्त काढून यायला लागला. फाटक उघडून धर, वाटेतली पाण्याची नळी उचल, असलं काहीतरी. एकदा एगॉनच्या गुडघ्याने दगा दिला, तर टॅबलेट घेऊन स्वतःच्या बागेतून फिरला. "पुढचा थांबा, अध्यक्षांचे टोमॅटो," म्हणाला. बोदिल म्हणाली, "याचं कुंपण वाढलंय." विलीने दुसऱ्या दिवशी कापलं.

ऑगस्ट सरत आला होता. पेअर पिकले होते. बोदिल त्या संध्याकाळी भराभर जेवत होती, मध्येच गुणगुणत होती. हेलेचा आवाज आला, "एगॉन, तुमचा पडदा जरा उजळ करा ना. बघा तरी. इतकी गोड हसतेय आज."

एगॉनचं बोट काचेवर गेलं. कोपऱ्यातला आकडा जेमतेम होता, आणि पुडिंग यायचं होतं.

"उद्या करतो," तो म्हणाला. "आज पुडिंग होऊ दे."

पुडिंग झालं. दुसऱ्या दिवशी बोदिलला ताप भरला. संध्याकाळी ताट आलंच नाही. एगॉन कोणालाही न सांगता धावतपळत पोचला तेव्हा ती डोळे मिटून पडली होती. दोन दिवस तो हात धरून बसला. ती नळवाल्याबद्दलही काही बोलली नाही. गेली ती पहाटे, झोपेतच. तिचं हसणं बघायचं राहून गेलं ते गेलंच. पुडिंगपुरती बॅटरी वाचवली होती त्याने.

तो बागेत परत आला तेव्हा दुपार टळली होती. त्याने झेंडा घडीतून काढला, खांद्यावर टाकला, जमिनीला लागू दिला नाही. टोकापर्यंत चढवला. मग हळूहळू अर्ध्यावर आणला आणि दोरी नीट बांधली.

पलीकडे कात्री चालत होती. विलीने मान वर केली असावी.

"काय रे," कुंपणापलीकडून आवाज आला, "परत दोरी अडकली का?"

"नाही," एगॉन म्हणाला. "दोरी ठीक आहे."

कात्री थांबली. मग विलीच्या झेंड्याच्या काठीवरची दोरी करकरली. त्याच्यानंतर दोघी बहिणींची, मग पुढच्या गल्लीतली. या वेळी फुलं घेऊन कोणी आलं नाही. विली नुसता आला आणि बाकावर शेजारी बसला.

जेवणाची वेळ झाली. एगॉनने पावाच्या डब्यातून टॅबलेट काढला, मांडीवर ठेवला आणि बोटाने उजेड पार वर नेला. पडदा लख्ख झाला. त्याच्यावर आनेटच्या ऑफिसचं कुठलंसं निळं चित्र होतं, एवढे दिवस त्याला दिसलंच नव्हतं. दोघं त्याच्याकडे बघत बसले. मध्येच तो कुईं करून वाजला. एगॉनने आकड्याकडे बघितलं नाही.

ऊन उतरलं तेव्हा विली उठला. सूर्य मावळायच्या आत झेंडा उतरवायचा असतो. एगॉनने दोरी सोडली, आधी टोकापर्यंत नेला, मग खाली आणला, आणि विलीने दोन्ही हात पसरून कापड वरच्यावर झेललं.