तिसऱ्या कप्प्यातली टेप

इस्पितळाच्या तळघरातल्या टेपांच्या खोलीला सगळे 'बाईंची तिजोरी' म्हणत, आणि टेपबाईंना ते ऐकायला आवडे. रोजचे सगळे स्कॅन टेपेवर उतरवायचे, लेबल लावायचं, कपाटात ठेवायचं, हे त्यांचं अठरा वर्षांचं काम. बॅकअपचं नवं सॉफ्टवेअर आज ठरायचं होतं आणि मोठ्या साहेबांनी हात वर केले होते. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही म्हणाल त्यावर सही करतो."

विकायला आलेल्यांपैकी दोघे उरले होते. एक टायवाला, त्याचा कारभार झकपक, पडद्यावर नुसते हिरवे गोल. "जुन्या टेपा कपाटातच राहू द्या मॅडम, आम्ही नव्यापासून सुरू करतो." दुसरे पिकल्या केसांचे काका. त्यांच्या सॉफ्टवेअरला एक खोड होती. प्रत्येक जुनी टेप पूर्ण वाचल्याशिवाय ते तिला यादीत घेतच नसे.

कुणीही शहाण्याने काकांना निवडलं असतं. बाई शहाण्याच होत्या, म्हणून तर घाबरल्या होत्या. सात वर्षांपूर्वी सकाळची ओपीडी उघडली तरी बॅकअप संपेना, डॉक्टर आरडाओरडा करू लागले, तेव्हा वेळ वाचवायला बाईंनी सॉफ्टवेअरमधली एक टिक काढून टाकली होती, लिहिलेलं पुन्हा वाचून तपासायची. चार दिवसांपुरती. ती परत लावायची राहून गेली ती चक्क दोन वर्षं. नंतर मशीन दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला होता, "हे कधीपासून खराब आहे? टेपेवर नीट लिहीतच नाही." बाईंनी त्याच्यापुढे सहीची वही सरकवली. त्या दोन वर्षांच्या टेपा तिसऱ्या कप्प्यात होत्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण मूळ स्कॅन ज्यांवर होते, त्या जुन्या डिस्का महिनाअखेर भंगारात जाणार होत्या. मग जे टेपेवर नाही, ते कुठेच नाही.

"एखादी टेप द्या, वाचून दाखवतो," काका म्हणाले.

बाईंनी पहिल्या कप्प्यातली दिली, कालच गुपचूप वाचून पाहिलेली. मशीन घरघरलं आणि स्कॅन पडद्यावर आला. साहेब खूश झाले. "बाईंचं काम म्हणजे प्रश्नच नाही. मग टायवाल्यांचंच घेऊ, लगेच बसतं म्हणतात. चालेल ना?"

हो म्हणायचं, बास. पडद्यावर कुणाची तरी फुप्फुसं होती, कोपऱ्यात वय लिहिलेलं, सहा वर्षं.

"साहेब, ही टेप मी काल तपासून ठेवली होती," त्या म्हणाल्या. "काका, आता तिसऱ्या कप्प्यातली घ्या. तुम्हीच काढा, मी नाही."

काकांनी मधली एक ओढली. टेप फिरली, थांबली, मागे गेली, पुन्हा थांबली. पडद्यावर लाल ओळ आली, 'वाचता येत नाही'.

"अशा किती आहेत?" साहेबांनी हळूच विचारलं.

"माहीत नाही. दोन वर्षांच्या आहेत."

टायवाला मोबाइल बघू लागला. बाईंनी फॉर्म ओढला, काकांच्या सॉफ्टवेअरपुढे खूण केली आणि 'निवडीचं कारण' या रकान्यात लिहिलं, 'आमच्या टेपा वाचता येत नाहीत हे यांच्यामुळे उघड झालं. तपासणी मी बंद केली होती.' खाली पूर्ण नावाने सही केली.

मग जुन्या डिस्कांवर लावलेली 'भंगार' ही चिठ्ठी काढायला त्या उठल्या.