सुमनबाई सायकलवर

पुनमला कावीळ झाल्याचा फोन आला आणि सुमनबाईंनी धुळ्याजवळच्या आपल्या गावाहून पुण्याची गाडी पकडली. लेक बँकेत नोकरीला. प्रभात रोडवरच्या एका जुन्या बंगल्यात, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. सुरुवातीचे दिवस तिच्या उशाशी बसूनच गेले. मग मऊ भात तिच्या पोटात टिकू लागला, दुपारी गाढ झोप लागू लागली, आणि सुमनबाईंना ती दुपारची शांतता खायला उठू लागली.

"जरा पाय मोकळे करीसन येस," त्या एके दिवशी म्हणाल्या.

"आई, हरवशील."

"आठे गल्लीसले नंबर शेतस. धुळ्यासारखेच. हरावसू कशी?"

आणि त्या निघाल्या.

असा मोहल्ला त्यांनी कधी पाहिला नव्हता. भर दुपारीही रस्त्यावर सावली. दगडी बंगले, फाटकांवर घरांची नावं, कुठं कुंपणावरून ओसंडणारी बोगनवेल, कुठं पितळी कडी लख्ख घासलेली. एक माणूस दोन कुत्र्यांना फिरवत होता आणि त्यांच्याशी इंग्रजीत बोलत होता. सुमनबाई प्रत्येक फाटकापुढं थांबायच्या, नाव वाचायच्या, आत डोकावायच्या.

"कोणाकडं जायचंय, मावशी?" एका वॉचमननं विचारलं.

"कोणाकडेच नाही. घरं बघतेय."

तो क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "बघा की. पुढच्या गल्लीत कोपऱ्यावरचा बंगला बघा. त्याला रंगीत काचा आहेत."

सुमनबाईंना हे फार आवडलं. गावात या वेळी घराबाहेर पाऊल टाकलं की प्रत्येक ओट्यावरून विचारणा व्हायची, कुठं निघाली, कशाला निघाली, पदर असा का घेतला. इथं त्या कोणाची सून नव्हत्या, कोणाची भावजय नव्हत्या. त्यांना या भटकंतीची चटकच लागली.

अशाच एका दुपारी समोरून एक बाई सायकलवर आल्या. वय सत्तरीच्या पुढचं, पांढरे केस, सलवार-कमीज, पायात बूट. सुमनबाई जागच्या जागी उभ्या राहून बघत राहिल्या. त्या बाई वळून पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. शेवटी आपल्या फाटकाशी उतरल्या आणि फाटक उघडायला सायकल धरणार कोण म्हणून इकडंतिकडं पाहू लागल्या. सुमनबाईंनी पुढं होऊन ती धरली.

"माय व! कितली हलकी शे!" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

त्या बाई गर्रकन वळल्या. "शे? तुम्ही आमच्या तिकडच्या?"

त्यांचं नाव कुसुमलता. मारवाडी घरातल्या, माहेर धुळ्याचं, गल्ली नंबर चार. लग्न होऊन पुण्याला आल्याला पन्नास वर्षं झाली होती, पण तो अहिराणी शब्द कानावर पडताच त्यांचा चेहरा शाळकरी मुलीसारखा झाला.

"तुम्हाला येते चालवता?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण शिकवता येते." सुमनबाई हसल्या. "पुनमला हायस्कूलला जायचं होतं, गावाला एसटी नव्हती. मी कॅरिअर धरून तिच्यामागं पळायची. ती शिकली. मग सायकल तिची झाली."

"आणि तुम्हाला नाही वाटलं?"

"वाटायचं. रोज वाटायचं. पण गावात बाईमाणूस त्या वयात सायकलवर? गावाला बोलायला वर्षभर पुरलं असतं."

कुसुमलताबाईंनी सायकल त्यांच्याकडं ढकलली. "इथं कोण ओळखतं तुम्हाला? बसा."

दुसऱ्या दिवशी सुमनबाई पुनमचा पंजाबी ड्रेस घालून हजर झाल्या. पहिल्याच झटक्याला बोगनवेलीत पडल्या. कोपर सोललं, केसात गुलाबी फुलं अडकली. कुसुमलताबाई हसल्या, सुमनबाईही हसल्या, आणि परत बसल्या. मग पुढचे दिवस तेच: गुडघ्याला माती, लेकीपुढं "कुठं काय, पाय घसरला." वॉचमन आता खुर्ची फाटकाबाहेर घेऊन बसायचा आणि ओरडायचा, "मावशी, खाली नका बघू! पुढं बघा, पुढं!"

एके दिवशी त्यांनी पुढं बघितलं. हँडल डगमगलं, सावरलं. चाक सरळ धावू लागलं. रंगीत काचांचा बंगला मागं पडला, पितळी कडीचं फाटक मागं पडलं, ओढणी वाऱ्यावर उडू लागली. मागून कुसुमलताबाई टाळ्या वाजवत होत्या, पण सुमनबाईंना वळून बघायचं नव्हतं. कोपरा आला, तिथंही त्या वळल्या. छातीत काहीतरी असं भरून आलं की त्यांना मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, आणि त्या खरोखरच ओरडल्या.

त्या आवाजानं पुनम गॅलरीत आली. खाली रस्त्यावरून तिचाच ड्रेस घातलेली तिची आई चालली होती, सायकलवर.

"आई! अगं थांब!"

"थांबता येस नही आजून!" सुमनबाई खालून म्हणाल्या आणि पुढं निघून गेल्या.

पुनम कठड्याला धरून हसत राहिली, हसता हसता रडली. आई परत आली तेव्हा ती रस्त्यावर उतरून उभी होती. सुमनबाईंनी दोन्ही पाय जमिनीला घासत सायकल कशीबशी थांबवली. लेकीनं त्यांना गच्च मिठी मारली. "मला कधीच कसं सुचलं नाही गं, तुला बसवायचं?"

"आते बसनू ना मी," सुमनबाई धापा टाकत म्हणाल्या. "सोड. एक फेरा आखो मारू दे."

पुनम कामावर रुजू झाली आणि सुमनबाई गावाकडं निघाल्या. त्यांना न्यायला नवरा, रुपचंद, मोटारसायकल घेऊन धुळ्याच्या बसस्टँडवर आला होता. सुमनबाईंनी त्याला आधी सायकलच्या दुकानात नेलं.

"नातीसाठी का, अक्का?" दुकानदार रतिलालनं विचारलं.

"नाही. माले."

रुपचंदनं बायकोकडं पाहिलं. मग पिशवी तिच्या हातातून आपल्याकडं घेतली.

सुमनबाईंनी पदर कमरेला खोचला, निऱ्या आवरल्या आणि नव्या निळ्या सायकलवर टांग टाकली. धुळ्याच्या भर बाजारात माणसं वळून बघू लागली. बघू दे. रिक्षावाल्यानं वाट दिली, हातगाडीवाला बाजूला झाला. गावाच्या वाटेला लागल्या तशा त्या आणखी वेगात निघाल्या, आणि मागं मोटारसायकल अगदी हळू चालवत रुपचंद ओरडत होता, "अगं, जरा माझ्यासाठी तरी थांब!"