रोहण्याच्या वावरात झालेली माझी परीक्षा

मी बोलतोय, पण जरा घरघरत बोलतोय, तेवढं समजून घ्या. कापूस वेचणाऱ्या एका यंत्राचा मी पहिला नमुना आहे. माझ्यासारखं दुसरं तेव्हा कुठेच नव्हतं, त्यामुळे माझ्यातल्या चुका दाखवून देणारं थोरलं भावंडही मला नव्हतं.

वर्ध्याजवळच्या नालवाडीत, एका घराच्या मागच्या पडवीत माझा जन्म झाला. घर बंडूजींचं. ते शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांची मुलगी वेदश्री नागपूरच्या कंपनीतली इंजिनिअरची नोकरी सोडून घरी आली आणि पडवीत पत्रे कापू लागली. बंडूजी रोज चहाचा कप तिच्याजवळ ठेवत, काही विचारायला तोंड उघडत आणि न विचारताच परत जात. फक्त एकदा म्हणाले, "बेटा, हे चाललं नाई तं?"

"चालन ना बाबा," वेदश्री म्हणाली. पण तिच्या हातातला पेचकस क्षणभर थांबला होता. मला ते जाणवलं.

मी जन्मलो तो तिच्या आत्यामुळे. शकुबाई आर्वीकडच्या रोहण्याला राहते. स्वतःच्या चार एकरांत कापूस पेरते आणि रोजानं येणाऱ्या बायांच्या बरोबरीनं वेचते. सुकलेल्या बोंडांची टोकं सुईसारखी असतात. एका दिवाळीत तिनं वेदश्रीच्या तोंडावरून हात फिरवला, तेव्हा भेगाळलेली बोटं पोरीच्या गालाला खरखरली. शकुबाईनं हात झटकन मागे घेतला. "लागलं का व माय?" असं तीच विचारू लागली. त्या आठवड्यात वेदश्रीनं माझं पहिलं चित्र काढलं.

दोन वर्षं मी घडत होतो. दात असलेले दोन छोटे रूळ, ते फिरवणारी मोटर, ती बसवलेली मूठ, कमरेला बॅटरी आणि पाठीवर कापूस साठवायची पिशवी. पहिल्यांदा मी बोंडातला कापूस ओढून घेतला तेव्हा शकुबाई लहान पोरीसारखी हसली होती. तिनं माझ्या मुठीला हळदकुंकू लावलं.

मग वेदश्रीनं नव्या उद्योगांना भांडवल देणाऱ्या एका संस्थेकडे अर्ज केला. पहिल्याच वर्षी पाचशे यंत्रं करायची, असं तिनं त्यात लिहिलं. अर्जातलं माझं वर्णन ती मोठ्यानं वाचत होती. ऐकून मलाच माझा हेवा वाटला. कागदावर मी हलका होतो, स्वच्छ कापूस वेचत होतो आणि कधीच तापत नव्हतो.

खरं म्हणजे मी तापत असे. चाळीस मिनिटं झाली की मोटरची सगळी धग मुठीत उतरे. हे वेदश्रीला ठाऊक होतं, शकुबाईलाही. अर्जात मात्र ते नव्हतं.

संस्थेनं पाहणीसाठी इलाताईंना पाठवलं. डिसेंबरातल्या एका सकाळी त्या थेट रोहण्याच्या वावरात आल्या. पन्नाशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट, हातात वही. त्यांनी वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला लिहिलं, 'काय हाती लागेल'. दुसऱ्या बाजूला, 'काय हातचं जाईल'.

"असं का लिहिता?" वेदश्रीनं विचारलं.

"नवी गोष्ट आणणारा माणूस पहिली बाजू तोंडपाठ करून येतो," इलाताई म्हणाल्या. "दुसरी शोधायला मला पाठवतात."

शकुबाईनं मला उचललं. मी जीव लावून काम केलं. बोंडामागून बोंड रिकामं होत गेलं, पिशवी फुगली. अर्धा तास झाला. ठरल्याप्रमाणे वेदश्री म्हणाली, "बस आत्या."

"छान चाललंय," इलाताई घड्याळ बघत म्हणाल्या. "आणखी तासभर चालू द्या."

वेदश्रीनं मान डोलावली. शकुबाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ती पुढच्या ओळीत शिरली.

त्यानंतरचं मला सांगवत नाही. मी तापू लागलो. ज्या हातासाठी मला घडवलं होतं त्याच हाताला मी भाजत होतो आणि मला थांबता येत नव्हतं. शकुबाईनं पदराचं टोक मुठीभोवती गुंडाळलं आणि चेहरा तसाच हसरा ठेवला. 

वेदश्रीला पदर दिसला. ती कापसाच्या पऱ्हाट्या तुडवत धावत आली आणि तिनं माझी वायर उपटून काढली. आत्याचा हात उघडून पाहिला. तळवा लालबुंद झाला होता.

"मॅडम," ती वळून म्हणाली, "हे चाळीस मिनिटांनी तापतं. मला माहीत होतं. मी अर्जात लिहिलं नाही."

"काऊन सांगतलं व?" शकुबाई चिडली. "मी सोसलं असतं ना!"

"म्हणूनच सांगतलं, आत्या."

इलाताईंनी आधी आपल्या बाटलीतलं पाणी शकुबाईच्या हातावर ओतलं. मग वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसून त्यांनी शांतपणे विचारलं, "मी जास्तीचा तास मागितला नसता, तर सांगितलं असतंस?"

वेदश्रीनं उपटलेली वायर हातावर गुंडाळली. "माहीत नाही," ती म्हणाली. 

मला वाटलं, संपलं. आता इलाताई वही मिटतील. पण त्या उठल्या आणि शेजारच्या ओळीत वेचणाऱ्या काजलपाशी गेल्या. ती रोजानं वेचणाऱ्या बायांमधली सगळ्यांत तरुण. "तुला काय वाटतं या यंत्राबद्दल?"

काजलनं ओटीतला कापूस सावरला. दोन वर्षांत तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. "मशीन चांगली हाय. पण कापसासंगं पालाही ओढते. अन् एक सांगा, हे कोनाच्या हाती राहीन? मालकाच्या हाती राह्यलं तं एक बाई ठेवन, तिघींले घरी बसवन. आमच्या हाती राह्यलं तं आमची बोटं वाचन."

इलाताईंनी हे शब्द तिच्याच बोलीत उतरवून घेतले आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.

महिन्याभरानं निकाल आला. पाचशे यंत्रांना नकार होता. आधी माझं तापणं थांबवायचं, पाला गाळायची सोय करायची. मग फक्त दहा यंत्रं करायची आणि तीही वेचणाऱ्या बायांच्या गटाकडे एक हंगाम द्यायची. त्या काय म्हणतात ते ऐकून पुढचं ठरेल. पत्राखाली इलाताईंनी हातानं लिहिलं होतं, 'तुझं "माहीत नाही" मी हाती लागेल त्या बाजूला लिहिलं आहे.'

वेदश्री त्या दिवशी रडली. पाचशेचं स्वप्न मोडल्याचं ते रडणं होतं, की सुटल्याचं, मला कळलं नाही. बंडूजी चहा घेऊन आले. या वेळी ते परत गेले नाहीत, तिच्याजवळ पाटावर बसून राहिले.

पुढच्या हंगामाआधी दहा नवी भावंडं आली. त्यांची मोटर मुठीत नाही, कमरेला आहे. त्यांच्या तोंडाशी जाळी आहे. दोन यंत्रांनी मधेच दगा दिला, एका बाईनं वजन होतं म्हणून परत केलं. वेदश्रीनं ते सगळं आपणहून लिहून इलाताईंना कळवलं. बाकीची सात रोहण्याच्या वावरांत फिरताहेत.

आज काजल नालवाडीला आली आहे. तिच्या यंत्राचे रूळ झिजलेत आणि नवे यायला पंधरा दिवस लागतील. वेदश्रीनं मला फळीवरून खाली घेतलं. माझे रूळ त्याला बरोबर बसतात. शकुबाईही सोबत आली आहे. ती माझ्यावरून हात फिरवत म्हणते, "हे राहू दे ना व. पह्यलं हाय."

"ठेवून काय करू, आत्या? काजलले सोमवारी वेचणीले जायचं हाय."

मला दुःख नाही. फळीवर जपून ठेवलेला नमुना होण्यापेक्षा काजलसोबत वावरात मातीनं माखलेलं बरं. तुमच्याकडेही कुणी नवी वस्तू घेऊन येईल. तिचं कौतुक करा, तिच्यातली खोट शोधा, पण खोट सापडली म्हणून तिला घडवणाऱ्या पोरीला एकटं टाकून उठू नका.

माझ्या रुळांचे तीन स्क्रू निघालेत. चौथा जरा घट्ट आहे. वेदश्री त्यावर तेलाचा एक थेंब सोडते, थांबते आणि मला म्हणावं तसं हळूच म्हणते, "झालंच, बाप्पा."

काजलनं पदर पसरून पुढे धरला आहे. बरं, येतो मी.