जोडीदाराची चिठ्ठी

कुटुंबनियोजनाच्या दवाखान्यात बायकांना समजावून सांगायचं काम ताईकडे होतं. बारा वर्षं तोंडाला आराम म्हणून नाही. नवी नवरी असो की तीन पोरांची आई, ताई तांबी, म्हणजे कॉपर-टी, हातात धरून दाखवायची. "ही मूल अडवते. शंभरात एखादीलाच फसवते. पण रोग म्हणाल, तर तो हिचा प्रांतच नाही. त्याला कंडोमच हवा." बायका माना खाली घालून हसायच्या.

आता गंमत बघा. मुलगी झाल्यावर ताईने स्वतःही तांबी बसवून घेतली आणि तेव्हापासून सात वर्षं तिच्या घरात कंडोम फिरकला नाही. नवरा लिफ्ट बसवणारा, पंधरा-पंधरा दिवस परगावी. पण आपला माणूस. लोकांच्या नवऱ्यांवर संशय घ्यायचा तिला पगार मिळायचा, घरच्यावर फुकट कोण घेणार?

गेल्या आठवड्यात तांबीचा दोरा जागेवर आहे का बघताना डॉक्टरीणबाईंनी सहज नमुना घेतला. आज लॅबवाला रिपोर्ट टेबलावर ठेवून नजर चुकवून निघून गेला. संबंधातून लागणारा संसर्ग निघाला होता. दुखणं नाही, खुपणं नाही, नुसता कागदावर.

"सात दिवस गोळ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोघांनी एकदम घ्यायच्या. तुला काय सांगायचं."

"हो," ताई म्हणाली. तिला काहीच वाटेना. पुढच्या चार बायकांना तिने नेहमीसारखंच समजावलं, आणि एकीलाही काही कळलं नाही.

दवाखान्यात जोडीदारासाठी एक पिवळी चिठ्ठी असते. नाव नाही, आरोप नाही. तपासणीला या, एवढंच. रडणाऱ्या बाईच्या हातात ती देताना ताई म्हणायची, "अगं, पुष्कळ पुरुषांना कळतसुद्धा नाही." आता तेच तिने स्वतःला सांगितलं. चुकला असेल कुठेतरी, पण त्याला माहीत नसेल. एवढं जरी खरं निघालं, तरी संसार रेटता येईल, असं तिने मनाशी धरलं.

संध्याकाळी मुलगी खेळायला गेल्यावर तिने चिठ्ठी नवऱ्यापुढे ठेवली. त्याने वाचली, चहाचा घोट घेतला.

"मी घेतल्यात गोळ्या," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात. साइटजवळच्या डॉक्टरकडून. पूर्ण सात दिवस."

"आणि मला?"

"म्हटलं, तू दवाखान्यातच असतेस. काही असलं तर कळेलच तुला."

ओरडावं, कप फेकावा, असं काही आतून येईल म्हणून तिने वाट पाहिली. आलं नाही.

"तुला परत घ्याव्या लागतील," ती म्हणाली. "तुझं माझ्याकडे आलं, माझ्याकडून एव्हाना परत तुझ्याकडे गेलं असेल."

तेव्हा कुठे त्याचा चेहरा उतरला. कप खाली ठेवून त्याने विचारलं, "म्हणजे मला परत झालं असेल?"