नटावरची पांढरी रेघ

दुपारी जेवताना बाबांनी खारवलेल्या आलुबुखारांची बरणी तोशिहिरोपुढे सरकवली. झाकण घट्ट बसलंय, एवढंच म्हणाले. तोशिहिरोने दोन बोटांनी फिरवलं, तर ते सहज निघालं. तो जेवण टाकून उठला.

सकाळीच हिराबायाशीबाईंची पन्नास वर्षांची जुनी गाडी या बापलेकांच्या दुरुस्तीच्या गॅरेजातून बाहेर पडली होती. बाईंना वारलेल्या भावाची रुंद चाकं तिला बसवून हवी होती. चाकांची भोकं गाडीशी जुळेनात, म्हणून मधे अडॅप्टर घातले होते, म्हणजे अॅल्युमिनियमच्या जाड चकत्या. आधी चकती गाडीला नटांनी आवळायची, मग चाक चकतीला. एकदा चाक चढलं की आतले नट कुणाला दिसत नाहीत. आणि मागच्या डाव्या चाकाचे आतले नट बाबांनी आवळले होते.

हिवाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. आता बरे आहेत, असं सगळे म्हणत. बाबा स्वतः जरा जास्तच मोठ्याने म्हणत. जोर पुरा झाला की टक् वाजणारा पाना भिंतीला टांगलेला असताना त्यांनी साधाच पाना घेतला, नट आवळले आणि त्यांवर पांढऱ्या रंगाने रेघा ओढल्या. त्या गॅरेजात रेघ म्हणजे दिलेला शब्द. ज्याने आवळलं त्याने नटावरून चकतीवर रेघ ओढायची, आणि दुसऱ्याच्या रेघेला कुणी पाना लावायचा नाही. हा नियमही बाबांचाच. रेघा वेड्यावाकड्या आल्यात, हे तोशिहिरोला दिसलं होतं. पण बाबा शेजारीच उभे होते, म्हणून या शहाण्याने मुकाट्याने चाक चढवलं.

बाईंनी फोन उचलला नाही. गाडी चालवताना त्या कधीच उचलत नसत. वाटेतल्या खिंडीच्या माथ्यावर सोबाच्या शेवया खाल्ल्याशिवाय त्या उताराला लागत नाहीत, हीच काय ती आशा. सुटे भाग आणायला जातो, अशी थाप मारून तोशिहिरोने भिंतीवरचा पाना आणि पांढरा रंग गुपचूप घेऊन छोटा ट्रक काढला.

प्रत्येक वळणावर त्याची नजर दरीकडे जात होती. कठडा कुठे तुटलेला तर नाही ना, हे बघायचं नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

माथ्यावर गाडी उभी होती. बाई जेवण आटोपून पर्समध्ये किल्ली शोधत होत्या. त्याने कसाबसा नमस्कार केला, जॅक लावला, चाक काढलं आणि टक् वाजणारा पाना पहिल्या नटाला लावला. नट फिरला. बराच फिरला, तेव्हा कुठे टक् वाजलं. चारही नटांची तीच गत.

"हे कुणी आवळलं होतं?" बाईंनी विचारलं.

"मीच. चुकलं माझं."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "वडील कसे आहेत रे तुझे?"

"बरे आहेत."

नट फिरले तशा रेघा मधोमध तुटल्या होत्या. नट पुन्हा तपासायला गाडी आठवड्याने गॅरेजात येणार, चाक बाबा स्वतः काढणार. तोशिहिरोने जुन्या रेघा पुसल्या आणि नव्या ओढल्या, मुद्दाम हात कापवत.

आठवड्याने बाबांनी चाक काढलं आणि वाकून बघतच राहिले.

"माझी रेघ एवढी वाकडी येते का रे?" बाबा म्हणाले.

बाबांनी भिंतीवरचा टक् वाजणारा पाना काढून तोशिहिरोच्या हातात दिला आणि स्वतः उजेड धरून उभे राहिले.