अकरा रात्रींचा खुलासा

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी कौटुंबिक न्यायालयाच्या चार नंबरच्या खिडकीवरून तिचा आणि नवऱ्याचा मिळून केलेला घटस्फोटाचा अर्ज परत आला.

खिडकीतल्या बाईंनी तो काचेखालच्या फटीतून बाहेर सरकवला आणि नवव्या प्रश्नावर पेनाचं टोक टेकवलं. ‘विभक्त झाल्यापासून दोघे पुन्हा एका घरात राहिलात का? असल्यास किती रात्री?’ नवऱ्याने लिहिलं होतं, ‘नाही.’ तिने त्याखालच्या ओळीत लिहिलं होतं, ‘अकरा.’

“दोघांत एक तर खोटं बोलतंय, नाहीतर एकाला मोजता येत नाही,” बाई म्हणाल्या.

“सासऱ्यांची कंबर धरली होती. उठताही येत नव्हतं त्यांना. मी त्यांचं करायला गेले होते.”

“मग तसं लिहायचं. आजारपणातली सेवा धरत नाहीत. पण आजारी माणसाचा जबाब लागतो, कधीपासून कधीपर्यंत. सेवेव्यतिरिक्त तीनच्या वर रात्री झाल्या, की वेगळं राहिल्याचं वर्ष पुन्हा पहिल्यापासून.”

तिने मनातल्या मनात हिशेब मांडला. दोघे वेगळे झाले गेल्या वर्षी दहा जानेवारीला. सासरे आजारी पडले चौदा एप्रिलला. आता फेब्रुवारी चालू होता. अर्ज आज घेतला गेला तर दहा आठवड्यांत, एप्रिलच्या शेवटी निकाल. वर्ष नव्याने मोजलं तर तो थेट जुलैत. आणि नवरा आता जिच्याबरोबर संसार मांडणार होता, तिचे दिवस भरत होते मेच्या मध्यावर. मूल येण्याआधी मोकळं करते, असा शब्द तिने त्याला दिला होता.

“वकील केला तर लवकर होईल का?”

“वकील केला तर दहा आठवडे, नाही केला तरी दहा आठवडे,” बाई म्हणाल्या. “वकील असला की उशीर झाल्यावर राग काढायला माणूस मिळतो, एवढाच फायदा. गुरुवारी चारच्या आत आणा. पुढचे.”

ती पायऱ्या उतरली, फाटकापर्यंत गेली, परत आली, आणि पुन्हा फाटकापर्यंत गेली. कामावर तिने उशिरा येते म्हणून कळवलं होतं, पण किती उशिरा ते सांगितलं नव्हतं. तिचं काम लिफ्ट तपासायचं. दार किती सेकंदांत मिटतं, दोराच्या किती तारा तुटल्यात, ब्रेक लागल्यावर पाळणा, म्हणजे माणसांची पेटी, किती बोटं खाली सरकतो, हे पाहून ती सही करायची आणि त्या सहीवर माणसं वर-खाली जायची. आकडा बदलून लिहिणं तिला कधी जमलं नव्हतं. नवऱ्याला ते ठाऊक होतं. तिच्या आधी त्याने ‘नाही’ लिहून टाकलं होतं ते बहुधा त्यामुळेच.

सासरे तिसऱ्या मजल्यावर, मुलाबरोबर, म्हणजे तिच्या नवऱ्याबरोबर राहत. मुलगा बसचालक, पहाटे चारला निघायचा तो एकला परतायचा. ती पोचली तेव्हा म्हातारा एकटाच खिडकीशी बसून नखं कापत होता. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस. नखांचे तुकडेही कागदावर ओळीने ठेवत होता.

“या सूनबाई.”

“बाबा, सून म्हणू नका आता. कागद व्हायचेत.”

“कागद तुमच्या दोघांचे. माझं नाव कुठंय त्यात?”

“आता येणार आहे,” ती म्हणाली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बसायला सांगितलं तरी बसली नाही. टेबलावरची मिठाची बरणी इकडची तिकडे केली.

म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. “उद्या ये. लिहून ठेवतो.”

“दोनच ओळी हव्यात, बाबा. अकरा रात्री, आजारपणासाठी.”

“किती ओळी ते मी बघतो.”

बुधवारी ती गेली तेव्हा पाकीट तयार होतं, न चिकटवलेलं. तिने जिन्यातच वाचलं. अक्षर मोजणीच्या नकाशावरच्यासारखं, सरळ. ‘सूनबाई चौदा एप्रिलला आली. सात दिवस मला उठता येत नव्हतं, तिने सगळं केलं, पोटच्या लेकीनेही केलं नसतं. आठव्या दिवशी सकाळी मी काठी घेऊन स्वतः न्हाणीघरात गेलो. नंतरच्या चार रात्री तिला माझ्यासाठी थांबण्याची गरज नव्हती.’ खाली सही, तारीख, वेळ.

चार. एका रात्रीने जास्त.

ती उलटपावली वर गेली. “बाबा, हे काय लिहिलंत?”

“घडलं ते.”

“तुम्हाला हा घटस्फोट नकोय म्हणून?”

“नकोच आहे. पण हवा असता तरी हेच लिहिलं असतं. बांध एक हात सरकवून द्या म्हणणारे आयुष्यात कमी भेटले नाहीत मला. त्यातले दोन तर माझे चुलतभाऊ.”

“नातवंड येतंय तुमच्या घरात, बाबा. त्याच्या आधी व्हायला हवं हे.”

“येऊ दे की. ते काय तुमचे कागद बघून येणारंय?” म्हाताऱ्याने चष्मा काढला. “मी एक विचारू? त्या चार रात्री का राहिलीस?”

“पडदे धुवायचे होते.”

“दोन खिडक्यांचे पडदे. चार दिवस.”

तिने पाकीट घेतलं आणि जिने उतरली. लिफ्ट होती, पण तिची तपासणीची पाटी कधीच मुदतबाह्य झाली होती.

गुरुवारी सकाळी ती एका नऊ मजली इमारतीत लिफ्टच्या पाळण्याच्या छतावर उभी होती, दोराच्या तारांवरून चिंधी फिरवत. चिंधी अडकली की तिथे तार तुटलेली. खिशात फोन थरथरला. ताई.

“छोटे, माझ्या ओळखीच्या वकिलांशी बोलले मी. ते म्हणतात, जबाब त्या म्हाताऱ्यांना लिहायला दिलात हीच चूक. वकील मजकूर लिहितो, म्हातारी माणसं सही करतात. आजच बदलून घे.”

“ते नाही बदलायचे.”

“मग तू खुलासा लिही! तुला रकाना आहे ना? लिही, त्यांना पुन्हा उसण भरली होती. कोण येतंय बघायला?”

“ताई, मी कामावर आहे. खाली नऊ मजले आहेत.”

“तुझं हे नेहमीचंच. सरळ वाटेला काटे शोधायचे.”

पाऊण वाजता नवऱ्याचा फोन आला. बस नुकतीच डेपोत लावली असावी, मागे भोंगे वाजत होते.

“बाबांनी काय लिहिलंय ते सांगितलं मला. त्यांचं सोड, ते वेलांटी चुकली तरी तक्रार करतील. तू काय लिहितेयस?”

“ठरलं नाही.”

“ठरवायचंय काय त्यात? तू बाबांच्या खोलीत झोपत होतीस, मी पहाटे चारला निघून जात होतो. ते काय राहणं झालं?”

“दुपारी एकला तू यायचास. तिघं जेवायचो. पत्ते खेळायचो.”

“हो. बाबा चोरून पानं बघायचे.”

“तू पण.”

तो हसला, मग त्याचं हसू विरलं. “हे बघ, ती रोज विचारते, झालं का म्हणून. मी काय सांगू तिला? तू शब्द दिलायस.”

“माहितेय.”

“मग सेवा लिही आणि संपव ना.”

तिने फोन ठेवला. तुटलेल्या तारा तिने दोनदा मोजल्या आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. असं आजवर झालं नव्हतं. तिसऱ्यांदा मोजून तिने नोंद केली, बूट पुसले आणि न्यायालयाकडे निघाली. बसमध्ये जागा होती तरी दाराशी उभी राहिली.

त्या चार दिवसांबद्दल ती कोणाशी बोलली नव्हती. पडदे पहिल्याच दिवशी धुऊन वाळले होते. उरलेले तीन दिवस ती फक्त वाट बघत होती, नवरा एकदा ‘राहा’ म्हणेल म्हणून. त्याच्या आयुष्यात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. पत्ते पिसताना, ताटं उचलताना, दोनदा तरी तो म्हणतोच आहे असं तिला वाटलं. शेवटच्या दुपारी त्याने विचारलं, “तुला किती वाजता सोडू?” आणि तिने घड्याळ बघून सांगितलं, “पाचला.”

साडेतीनला ती न्यायालयातल्या बाकावर बसली. खुलाशाचा रकाना तीन ओळींचा होता. पहिल्या ओळीत तिने ‘सासऱ्यांच्या’ एवढं लिहिलं आणि थांबली. उठून पाणी प्यायली. परत येऊन ते खोडलं, बाजूला सही केली, खाडाखोडीला लागते तशी. तीन एकावन्नला तिने उरलेल्या दोन ओळी एका दमात लिहिल्या.

‘सात रात्री सेवेसाठी. पुढच्या चार मला राहायचं होतं म्हणून राहिले. नवऱ्याला हे माहीत नाही. त्याने “नाही” लिहिलं ते त्याच्या समजुतीने खरं आहे.’

खिडकीतल्या बाईंनी वाचलं. मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“हे असंच ठेवायचंय? अजून पाच मिनिटं आहेत. कोरा फॉर्म देते.”

“असंच.”

“हे आता न्यायाधीशांपुढे जाईल. त्यांना वाटलं तर चार रात्री सोडून देतील, वाटलं तर वर्ष पुन्हा मोजायला लावतील. आणि ह्याची प्रत समोरच्याला जाते. तुमच्या नवऱ्याला. नियम आहे.”

“किती दिवसांत?”

“प्रत दोन दिवसांत. निकालाचं मी सांगू शकत नाही.” बाईंनी शिक्का मारला. तीन अठ्ठावन्न.

शुक्रवारी तिने तीन लिफ्ट तपासल्या आणि चार वेळा फोन बंद करून चालू केला. नवऱ्याचे दोन निरोप आले, दोन्ही एकच: ‘दिलंस का?’ तिने ‘दिलं’ एवढंच कळवलं. शनिवारी टपालखात्याच्या नोंदीत दिसलं, की प्रतीचं पाकीट अकरा वाजून वीस मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावर पोचलं. त्या वेळी नवरा बसवर असतो. कोणी घेतलं, सासऱ्यांनी की तिथे येऊन-जाऊन असलेल्या त्याच्या होणाऱ्या बायकोने, ते नोंदीत नाही. सहीच्या जागी नुसती रेघ आहे.

सोमवारी संध्याकाळपर्यंत त्या घरातून कोणाचाही फोन आलेला नाही. न्यायालयाच्या नोंदीत अर्जापुढे लिहिलं आहे: तारीख नेमायची आहे.