किनाकोचे कान

पळीतल्या खोबरेलात लसणाच्या पाकळ्या तांबूस झाल्या तसा स्वरूपानं गॅस बंद केला. करंगळीचं टोक बुडवून तेल सोसवेल इतपत निवलंय याची खात्री केली, आणि अंगावर टी-शर्ट असूनही पदर खोचल्याच्या आवेशात ती हॉलमध्ये आली. किनाको सोफ्याशी हनुवटी टेकून पडला होता. आठवडाभर तो डोकं झटकत होता, मागच्या पायानं कान खरवडत होता, आणि कानाची लांब पाळी उचलली की आतून आंबलेल्या पिठासारखा वास येत होता.

"डॉक्टरकडे ने ना त्याला," जयेश लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला.

"ओजसचे कान कुणी बरे केले होते? डॉक्टरनं?"

जयेश पुन्हा टाइप करू लागला. जपानात, इचिकावाला येऊन दोघांचे केस पिकायला लागले होते, तरी घरातलं आजारपण ही स्वरूपाची जहागीर होती आणि तिथे कुणी लुडबुड केलेली तिला खपत नसे. पण डॉक्टरकडे न जाण्याचं खरं कारण तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तिथे बोलावं लागतं. सुपरमार्केटच्या मागच्या खोलीत बेंतोचे, म्हणजे तयार जेवणाचे डबे भरताना तिचं जपानी बिनबोभाट चालत असे. भात गरम आहे, झाकण लावलं, माफ करा, उद्या भेटू. डॉक्टर मात्र प्रश्न विचारतात, आणि आजवर त्यांची उत्तरं मुलगा, ओजसच देत आला होता.

किनाको ओजसचाच. लांब लोंबत्या कानांचा, भुऱ्या रंगाचा कॉकर जातीचा कुत्रा. मोचीवर, म्हणजे तांदळाच्या मऊ वड्यांवर भुरभुरतात त्या भाजक्या सोयाबीनच्या पिठाचं नाव शाळकरी ओजसनं त्याला दिलं होतं. त्याला आंघोळ घालणं, टॉवेलनं कान आतून कोरडे करणं, सगळं ओजस करायचा. तो नागोयाला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर म्हणून गेला, आणि आंघोळ स्वरूपाकडे आली. कान कोरडे करायचे असतात हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. जूनमधला तो दमट, चिकट महिना, भिंतीसुद्धा ओल्या लागत होत्या. कान आतल्या आत सडायला तेवढं पुरेसं होतं.

तिनं किनाकोचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानंही ते विश्वासानं ठेवलं. दोन्ही कानांत कोमट तेल सोडलं, वर कापसाचे बोळे घातले, अगदी लहानपणी ओजसला घालायची तसे, आणि पाठ थोपटत बसली. आपण काहीतरी चांगलं करतोय याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं. त्या समाधानाची तिला पुढे फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाको उठला तो एका कुशीवर कोसळला. मान तिरकी झाली होती, डोळे गरगरत होते, आणि तो स्वतःभोवती फिरत भिंतीला धडकत होता. जयेश ऑफिसला निघून गेला होता. तिनं कुत्र्याला बाळासारखं चादरीत गुंडाळलं आणि छातीशी धरून दवाखाना गाठला. भाषेची भीती त्या घाईत कुठे गेली, कोण जाणे.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तिथे कुत्री आणणाऱ्या सगळ्याच बायकांना म्हणतात तसं त्यांनी स्वरूपालाही "ओकासान", म्हणजे आई, म्हटलं. मोबाइलवरच्या भाषांतरानं अर्धंमुर्धंच कळलं, तेव्हा त्यांनी चित्र काढलं. कुत्र्याचा कान माणसासारखा सरळ आत जात नाही, तो आधी खाली उतरतो आणि मग वळतो. आत गेलेलं पाणी, तेल, काहीच आपणहून बाहेर येत नाही. त्यात वर कापूस. कानाचे पडदे बहुतेक आधीच फाटले असावेत, त्या म्हणाल्या, तेल तिथून आत उतरलं. संसर्ग जुना होता, वयही झालंय, तुमच्यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही. हे त्या इतक्या मऊ आवाजात म्हणाल्या की आपल्यामुळेच झालं, हेच स्वरूपाला नीट कळलं.

भूल देऊन कान धुतले, औषधं झाली. हळूहळू तोल सावरला, मान जराशी तिरकी राहिली. किनाको जेवू लागला, फिरायला जाऊ लागला. पण मागून हाक मारली तर वळेना. खाऊचं पाकीट फोडलं तरी येईना. शेवटी स्वरूपानं त्याच्या पाठीमागे स्टीलचं ताट जमिनीवर आपटलं. शेजारचं दार उघडलं, किनाको मात्र खिडकीबाहेर बघत राहिला.

तिनं ताट उचलून जागेवर ठेवलं. आजारपणातले रविवार तिनं 'झोपलाय' म्हणून निभावले होते, आता पुढच्या रविवारी काय?

दर रविवारी ओजसचा फोन येई. तो आईला नसे, किनाकोला असे. "आई, किनाकोला दे," एवढंच मराठी, आणि पुढचं सगळं भरभर जपानीत. स्वरूपा मोबाइल जमिनीवर ठेवून भाजी चिरायला जाई. आवाज ऐकला की किनाको धावत येई, फोनला नाक लावी, आणि त्याची शेपटी लाकडी जमिनीवर धप धप वाजे. ओजस तिकडे ती ऐकून हसे. मायलेकांत भांडण नव्हतं. भांडण असतं तर समेट तरी करता आला असता. पण त्याचं मराठी आटत गेलं, तिचं जपानी वाढलं नाही, आणि बोलण्यासारखं मध्ये उरलं ते कुत्रं. त्याला ऐकू येत नाही हे कळलं की फोन कशाला येईल, हा विचार तिला आतून कुरतडू लागला.

जयेश म्हणाला, सांगून टाक. ती हो म्हणाली. रविवारी फोन वाजला, ओजसनं नेहमीसारखी हाक मारली, किनाको कोपऱ्यात झोपलेला. आणि स्वरूपानं तळहातानं जमीन थोपटली. धप धप. ओजस हसला.

असे बरेच रविवार गेले. आता ती भाजी चिरायला उठत नव्हती. फोनशी वाकून बसायची आणि मुलाचं बोलणं जिवाच्या आकांतानं समजून घ्यायची. अर्धं कळायचं, अर्धं निसटायचं. कळायचं ते हे, की तो दुपारी गाडीत बसून एकटाच जेवतो. साहेब सगळ्यांसमोर टाकून बोलतात. बरोबर राहणारी मुलगी होती, ती गेली. आपल्या पोराच्या आयुष्यात कुणी मुलगी होती आणि गेलीही, हे तिला जमीन थोपटता थोपटता कळलं. तिला अपराधी वाटे आणि सुखही वाटे. इतका ओजस तिला कधी मिळालाच नव्हता.

मग एका रविवारी त्याचा आवाज नेहमीपेक्षा दबका होता. बोलता बोलता जपानीतच हळूच म्हणाला, आणि तिला शब्दन् शब्द कळला, "माझं ऐकून घेणारा तू एकटाच आहेस, किनाको."

तिचा हात जमिनीवरून उचललाच गेला नाही.

"ओजस," ती म्हणाली, "त्याला ऐकू येत नाही रे. मी ऐकतेय."

"केव्हापासून?" त्यानं मराठीत विचारलं.

"जूनपासून. मी तेल घातलं कानात."

"आणि शेपटी?"

"मीच."

फोन बंद झाला. स्वरूपा मोबाइलकडे पाहत बसून राहिली आणि मग पोटभर रडली.

पुढच्या शनिवारी तो न कळवता आला. वाळला होता. किनाको झोपेत होता, त्याला पत्ता नाही. ओजसनं जवळ बसून त्याच्या नाकाशी हात नेला, आणि वासानं ओळखून म्हातारं कुत्रं आनंदानं वेडं झालं. स्वरूपानं वडे तळले, त्यानं खाल्ले, छान झालेत म्हणाला. रागावला नाही. पाहुण्यासारखा नीट वागला, आणि ते तिला रागापेक्षा जड गेलं. त्या मुलीबद्दल विचारावं असं तिच्या जिभेवर पुन्हा पुन्हा आलं, पण ते ज्या वाटेनं कळलं होतं, ती वाटच चोरीची होती.

संध्याकाळी त्यानं तिला कान साफ करायला शिकवलं. पाळी वर धरायची, डॉक्टरांनी दिलेलं द्रावण कानात सोडायचं, कानाचं मूळ बाहेरून हळूहळू चोळायचं, मग त्याला डोकं झटकू द्यायचं. "कापूस आत नाही, आई. दिसतं तेवढंच पुसायचं. आंघोळ झाली की कोरडं." तिचा हात चुकला तेव्हा त्यानं आपला हात तिच्या हातावर ठेवून दाब दाखवला. कितीतरी वर्षांनी त्यानं तिला हात लावला होता. ती मुद्दाम पुन्हा चुकली.

निघताना ती स्टेशनपर्यंत गेली. गेटपाशी तिनं विचारलं, "रविवारी फोन करशील ना?"

"कुणाला?" तो म्हणाला. टोमणा नव्हता, त्याला खरंच प्रश्न पडला होता.

मला, एवढंच म्हणायचं होतं. पण ती म्हणाली, "किनाकोच्या कानांचं विचारायला."

"मेसेज करीन," तो म्हणाला आणि आत गेला.

शब्दाला जागला. दर रविवारी त्याचा मेसेज येतो, कान कसे आहेत, आणि स्वरूपा कान साफ करून पाळी उलटी धरते आणि आतला फोटो पाठवते. तो, ठीक आहे, एवढंच कळवतो. फोन येत नाही.

गेल्या रविवारी तिनं केस विंचरले, टिकली लावली आणि फोटो काढताना किनाकोच्या डोक्याला गाल लावून आपला चेहराही त्यात येऊ दिला. पाठवला, आणि मोबाइल हातात धरून वाट पाहत राहिली. उत्तर लगेच आलं. "छान आहे. लाली गेली. उजवा दाखव."

तिनं किनाकोला अलगद वळवून घेतलं आणि उजवा कान वर धरला.